सर्व्हर तापला म्हणजे नेमकं काय तापलं?

तंत्र शंका-समाधान

ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की सर्व्हरच्या तापमानाविषयीची पत्रं वाढतात. या वेळचे प्रश्न मुंबईतल्या छोट्या कार्यालयांतून आले आहेत. तिथे सर्व्हरसाठी वेगळा हॉल नसतो. असते एखादी केबिन, पोटमाळा किंवा जिन्याखालची खोली, आणि थंडाव्याला घरगुती स्प्लिट एसी. उत्तरं तीच परिस्थिती धरून दिली आहेत. सगळे आकडे अंश सेल्सिअसमध्ये.

प्रश्न : आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये दोन सर्व्हर आहेत, एक जोडून घेतलेला आणि एक कंपनीचा. जोडून घेतलेल्यावर लिनक्सची ‘सेन्सर्स’ कमांड दिली की कोअरचे आकडे ४६ ते ५२ येतात, पण ‘ऑक्सटिन’ नावाच्या एका ओळीत १२७ आणि दुसरीत उणे १२८ दिसतं. कंपनीच्या सर्व्हरच्या मॅनेजमेंट पानावर ‘पी१ थर्म मार्जिन’ उणे ४८ आहे. दादरमध्ये उणे ४८? विश्वास कशावर ठेवायचा? (लॅब व्यवस्थापक, दादर)

उत्तर : उणे ४८ हे तापमान नाही, ते अंतर आहे. इंटेलच्या प्रोसेसरमधला डिजिटल सेन्सर शून्यापासून वर मोजत नाही. ज्या मर्यादेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, तिथून आपण किती अंश खाली आहोत एवढंच तो सांगतो, आणि सर्व्हरवर देखरेख ठेवणारी तुमची मॅनेजमेंट चिप तो आकडा जसाच्या तसा छापते. मर्यादा ९२ असेल तर तुमचा प्रोसेसर साधारण ४४ वर आहे. उणे ४८ उत्तम, भर कामात उणे २० चालेल. उणे ५ दिसलं तर लगेच एसी आणि पंखे बघा. शून्य म्हणजे प्रोसेसर मंदावलेला आहे.

लिनक्सचा ‘कोअरटेम्प’ ड्रायव्हर हेच अंतर मर्यादेतून वजा करून आपल्या ओळखीचा आकडा देतो. त्यामुळे हा सेन्सर मर्यादेजवळ अचूक असतो आणि थंड असताना ढोबळ. सर्व्हर रिकामा बसलेला असताना एक कोअर ३४ आणि शेजारचा ४० दाखवत असेल, तर त्यात डोकं घालू नका.

आता १२७ आणि उणे १२८. मदरबोर्डवरची जी चिप हे आकडे देते, तिच्यात अंशांसाठी आठ बिटांची जागा असते आणि तीत उणे १२८ ते १२७ एवढंच मावतं. बोर्ड बनवणाऱ्याने ज्या पिनेला सेन्सर जोडलेलाच नाही, ती पिन बहुधा या दोन टोकांपैकी एक दाखवते. दोन्ही ओळी निर्धास्तपणे सोडून द्या. फसवी असते ती अधांतरी पिन जी ८५ किंवा १०५ असा पटण्याजोगा आकडा दाखवते. ती ओळखायला ‘स्ट्रेस-एनजी’ या भार टाकणाऱ्या प्रोग्रामने सगळ्या कोअरवर दहा मिनिटं भार टाका आणि दर पाच सेकंदांनी सगळे आकडे फाइलमध्ये उतरवा. खरा सेन्सर भाराबरोबर चढतो आणि भार थांबल्यावर उतरतो. अधांतरी पिन जागची हलत नाही, नाहीतर एका वाचनात वीस अंश उडी मारते. अशा ओळी सेन्सर्सच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘इग्नोर’ लिहून कायमच्या बंद करा, नाहीतर नवा माणूस कामावर आला की हाच प्रश्न पुन्हा विचारेल.

एएमडी कंपनीचे प्रोसेसर वापरणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. ‘के१०टेम्प’ ड्रायव्हर दाखवतो तो ‘टीसीटीएल’ हा आकडा पंखे चालवण्यासाठी असतो. काही मॉडेलांत त्यात मुद्दाम भर घातलेली असते, थ्रेडरिपर १९५०एक्समध्ये तर २७ अंशांची. ‘टीडाय’ ही ओळ दिसत असेल तर प्रत्यक्ष तापमान तिथे वाचायचं. ‘टीसीसीडी’च्या ओळी त्या त्या चिपलेटच्या, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या चिपांच्या.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये रोज २०:३४च्या आसपास ‘इनलेट टेम्प, अप्पर नॉन-क्रिटिकल’ अशी नोंद पडते आणि ०३:१५ला ती मिटते. आम्ही रात्री नऊपर्यंत तिथेच असतो. खोली गार असते, इनलेट २६ दाखवतो. सेन्सर खराब आहे का? पुरवठादार बोर्ड बदलायला सांगतो आहे. (लालबाग)

उत्तर : बोर्ड बदलू नका. सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेचं तापमान (इनलेट) पहिल्या इशाऱ्याच्या पायरीवर गेलं, एवढंच ती नोंद सांगते. सेन्सर बरोबर आहे, घड्याळ वेगळं आहे. सर्व्हरमधली मॅनेजमेंट चिप नोंदींची वेळ पुष्कळदा जागतिक प्रमाण वेळेत ठेवते, आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. २०:३४ म्हणजे आपले रात्रीचे २ वाजून ४ मिनिटं. ०३:१५ म्हणजे सकाळचे पावणेनऊ, तुमचं शटर उघडून एसी सुरू होतो ती वेळ. संस्था बंद करताना कुणी तरी एसीही बंद करतं आहे, किंवा त्याला टायमर लावलेला आहे. बंद खोली पाच तासांत तापत तापत पहाटे दोनला सर्व्हरची मर्यादा ओलांडते आणि तुम्ही येईपर्यंत तशीच राहते. म्हणजे तुमच्या डिस्का रोज जवळजवळ सात तास ४२ अंशांच्या वरची हवा खात आहेत. (ही पायरी किती अंशांवर आहे ते ‘आयपीएमआयटूल सेन्सर लिस्ट’ने तुमच्या यंत्रावर पाहा. अनेक सर्व्हरवर ती ४२ असते आणि पुढची गंभीर पायरी ४७.)

आज करायचं काम एवढंच : एसीचा टायमर काढा आणि ‘स्लीप’ मोडही बंद करा. स्लीप मोड झोपलेल्या माणसासाठी तासातासाने तापमान वाढवत नेतो. एसीच्या स्विचवर ‘बंद करू नये’ अशी पट्टी मराठी आणि हिंदीत चिकटवा आणि वॉचमनला समोर उभं करून सांगा. मग मॅनेजमेंट पानावर एनटीपी सर्व्हर (घड्याळ आपोआप जुळवणारा) आणि आपला टाइमझोन भरा. जुन्या नोंदींच्या वेळा बदलतीलच असं धरू नका, त्या वाचताना साडेपाच तास मिळवा.

एकच घरगुती एसी चोवीस तास चालवणं त्यालाही झेपत नाही. शक्य असेल तर दोन लावा, बारा-बारा तास आळीपाळीने. एक बिघडला तर दुसरा हाताशी राहतो.

प्रश्न : रिमोटवर १८ लावलंय, खोलीत स्वेटर घालून बसावं लागतं, तरी सर्व्हरचा इनलेट ३३ आणि एक्झॉस्ट ५७! रॅक नवा, काचेच्या दाराचा आहे. (व्हिडिओ एडिटिंग स्टुडिओ, अंधेरी)

उत्तर : दार काढा. खरोखर, हे पत्र खाली ठेवून आधी ते करा आणि अर्ध्या तासाने आकडे पुन्हा वाचा.

कारण असं. इनलेटचा सेन्सर सर्व्हरच्या पुढच्या तोंडाशी, बहुधा कडेच्या पट्टीत असतो. पंखे ज्या हवेचा घास घेतात ती हवा तो मोजतो, आणि या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा आकडा तोच. रिमोटवरचे १८ हे एसीच्या तोंडाशी परतणाऱ्या हवेसाठीचं लक्ष्य आहे, तुमच्या रॅकशी त्याचा थेट संबंध नाही. काचेचं दार लावलं की समोरून हवा यायला वाट उरत नाही. पंखे तरीही ओढतात, मग मागून बाहेर पडलेली गरम हवा रॅकच्या आतल्या आत कडेने वळून पुन्हा पुढे येते. एकीकडे तुम्ही थंडीने कुडकुडता आणि दुसरीकडे सर्व्हर स्वतःचीच वाफ ओढत बसतो.

एक्झॉस्टमधून इनलेट वजा केला की २४ येतात. भरल्या कामातल्या सर्व्हरला हा फरक साधारण १० ते २० असावा. हवा किती वाहते आहे याचा हिशेबही करता येतो : वॅटला १.७६ने गुणा आणि फरकाने भागा, उत्तर दर मिनिटाला इतके घनफूट. सर्व्हर ४०० वॅट घेत असेल (हा आकडा मॅनेजमेंट पानावर मिळतो) आणि फरक १५ असेल तर सुमारे ४७ घनफूट. तुमच्या २४च्या फरकाला जेमतेम २९. म्हणजे पंखे फिरताहेत, पण हवा पुरी जात नाही.

दार हवंच असेल तर जाळीचं घ्या, किमान ६० टक्के भाग मोकळा असलेलं, पुढचं आणि मागचं दोन्ही. सर्व्हरच्या वरखाली रिकाम्या राहिलेल्या खाचा ब्लँक पट्ट्यांनी बंद करा. त्या नसतील तर जाड पुठ्ठा कापून नीट बसवला तरी तात्पुरतं काम होतं. रॅकची पाठ भिंतीला टेकलेली नको, दोन-अडीच फूट जागा सोडा. मग साधा डिजिटल थर्मामीटर घेऊन रॅकच्या पुढे तळाशी, मध्ये आणि माथ्याशी हवा मोजा. माथ्याशी पाच-सहा अंश जास्त असतील तर गरम हवा अजूनही वरून वळते आहे. थर्मामीटर आणि इनलेट यांत दोन-तीन अंशांचा फरक चालतो.

इनलेट किती असावा? अॅश्रे या अमेरिकी अभियंता संस्थेची शिफारस १८ ते २७ आहे. ए२ वर्गाच्या यंत्रांना ती १० ते ३५ पर्यंत परवानगी देते. दार काढल्यावर रिमोट २४ वर ठेवूनही इनलेट २७ च्या आत बसण्याची शक्यता चांगली आहे, आणि विजेचं बिल कमी येईल ते वेगळंच.

प्रश्न : दोन प्रोसेसर, एकाच कामात. पहिला ५८, दुसरा ७२. दुकानदार म्हणतो पेस्ट बदला. (सीए कार्यालय, फोर्ट)

उत्तर : आधी बोर्डची रचना पाहा. कित्येक सर्व्हरमध्ये दुसरा प्रोसेसर पहिल्याच्या मागे, हवेच्या त्याच वाटेवर बसतो आणि पहिल्याने तापवलेली हवा त्याच्या वाट्याला येते. तिथे ५ ते ८ अंशांचा फरक रोजचाच. १४ मात्र जास्त आहेत.

पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि त्याच्यावरचा धातूचा हीटसिंक यांच्यामधला उष्णता नेणारा लेप. पेस्ट की धूळ, हे सर्व्हर न उघडता कळतं. सगळ्या कोअरवर एकदम भार टाका आणि दर सेकंदाला आकडा लिहा. पेस्ट सुकली असेल किंवा हीटसिंक नीट टेकलेला नसेल तर आकडा एक-दोन सेकंदांत पंधरा-वीस अंश उडतो आणि भार काढताच तितक्याच झपाट्याने पडतो, कारण उष्णता सिलिकॉनमधून धातूत उतरतच नाही. धूळ किंवा हवेची अडचण असेल तर आधी थोडी उडी, मग काही मिनिटं सावकाश चढण, आणि उतरणंही तसंच रेंगाळत. आलेखावर हा फरक स्पष्ट दिसतो.

मुंबईत, विशेषतः जवळपास बांधकाम चालू असेल तर, बहुतेक वेळा धूळच निघते. दमट हवेत ती नुसती बसत नाही, हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी थापली जाते. सर्व्हर बंद करा, प्लग काढा, ब्लोअर मारताना पंख्यांची पाती बोटाने धरून ठेवा. झाकण लावण्याआधी प्रोसेसरवरचं हवा वळवणारं प्लॅस्टिकचं कव्हर परत बसवलंय ना ते पाहा. दुरुस्तीनंतर ते टेबलावरच राहून गेलेलं अनेकदा आढळतं, आणि एवढ्यानेही मागच्या प्रोसेसरचं तापमान असंच वाढतं. रॅमच्या रिकाम्या खाचांमधल्या कोऱ्या पट्ट्यांचंही तेच. त्या शोभेच्या नाहीत.

पेस्टच निघाली तर जुनी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणाऱ्या कापडाने पूर्ण पुसा. नवी पातळ आणि सगळीकडे पोहोचेल इतकीच. हीटसिंकच्या लेबलवर स्क्रूंना क्रमांक छापलेले असतात, त्या क्रमाने प्रत्येकाला थोडे थोडे पिळे द्या. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे वळलात तर तळ तिरका बसतो आणि हेच दुखणं परत.

या काळात प्रोसेसर खरंच मंदावला होता का, तेही तपासता येतं. लिनक्समध्ये प्रत्येक कोअरखाली ‘थर्मल थ्रॉटल’ नावाचं फोल्डर असतं, त्यातला ‘कोअर थ्रॉटल काउंट’ सर्व्हर सुरू झाल्यापासूनची मोजणी देतो. तो शून्य असेल तर ७२ने तुमचं आजवर काही बिघडलेलं नाही, निवांत रविवारी काम काढा.

प्रश्न : डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या स्मार्टकंट्रोलमध्ये आमच्या डिस्कचा क्रमांक १९० ‘एअरफ्लो टेम्परेचर’ ६२ आणि क्रमांक १९४ ‘टेम्परेचर’ ३८ दाखवतो. एकाच डिस्कची दोन तापमानं? शिवाय बॅकअप चालू असताना एनव्हीएमई ड्राइव्ह ७४ वर जातो. (छपाई कारखाना, लोअर परळ)

उत्तर : तापमान एकच आहे, ३८. तुम्ही १९०च्या ओळीतला ‘व्हॅल्यू’ हा रकाना वाचलात. अनेक डिस्कांवर तो शंभरातून तापमान वजा करून दिलेला असतो, म्हणून ६२. शेवटचा ‘रॉ व्हॅल्यू’ रकाना वाचा, तिथे ३८ मिळेल. त्याच्याच पुढे कंसात किमान-कमाल असेल तर ती जरूर पाहा, दुपारी तुमच्या नजरेआड काय घडतं ते तिथे उतरलेलं असतं. सर्व्हरसाठीच्या फिरत्या डिस्कांना साधारण ६० ही कमाल मर्यादा असते. भर कामात ४५च्या आत ठेवा.

एनव्हीएमईची, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान ड्राइव्हची, गोष्ट वेगळी. ७४ हा सततच्या लेखनात येणारा आकडा आहे. त्याच्या स्मार्ट लॉगमध्ये ‘वॉर्निंग टेम्परेचर टाइम’ आणि ‘क्रिटिकल कॉम्पोझिट टेम्परेचर टाइम’ असे मिनिटं मोजणारे दोन मीटर असतात. बॅकअपच्या आधी आणि नंतर ते टिपा. पहिला वाढत असेल तर ड्राइव्ह स्वतःच्या इशाऱ्याच्या पायरीवर जातो आहे. लेखनाचा वेग मध्येच निम्म्यावर येत असेल तर त्याचंही कारण बहुधा हेच. ड्राइव्हवर हीटसिंक लावा किंवा त्याच्यासमोर हवेचा झोत मिळेल अशा स्लॉटमध्ये हलवा. दुसरा मीटर शून्याच्या वर असेल तर हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

प्रश्न : भागात लाइट गेली. यूपीएसवर सर्व्हर चालू राहिला, तासाभराने वीज आली, पण एसी सुरू झाला नाही. रविवार होता. सोमवारी सर्व्हर बंद पडलेला मिळाला. कोणत्या आकड्यावर काय व्हावं, नेमकं सांगा. (क्लासेसचे संचालक, मुलुंड)

उत्तर : यूपीएस सर्व्हरला वाचवतो आणि एसीला नाही, यातच ही अडचण आहे. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत सुमारे २५ घनमीटर हवा असते. तीत दोन किलोवॅट उष्णता सोडली तर नुसत्या हवेचा हिशेब पंधरा सेकंदांना एक अंश असा येतो. भिंती, रॅक, फरशी बरीच उष्णता पितात म्हणून प्रत्यक्षात वेग पुष्कळ कमी असतो, पण हाताशी वेळ मिनिटांचा आहे, तासांचा नाही.

एसीला ‘ऑटो रीस्टार्ट’ आहे का ते आजच मेन स्विच पाडून आणि परत चढवून बघा. कॉम्प्रेसरला तीनेक मिनिटं लागतात, तेवढं थांबा. पुस्तिकेत लिहिलंय म्हणून गृहीत धरू नका.

मग इनलेटवर तीन पायऱ्या लावा. २८ला ईमेल. ३२ला फोनवर संदेश, दोन माणसांना. ३८ला सर्व्हर रीतसर बंद करणारी स्क्रिप्ट : आधी डेटाबेस, मग बाकीचं, मग यंत्र. ही शेवटची पायरी सर्व्हरच्या स्वतःच्या गंभीर मर्यादेच्या खाली हवी, कारण टोकाला हार्डवेअर वीज तोडतं तेव्हा ते डेटाबेसची वाट पाहत नाही. प्रत्येक पायरीला मिनिटामिनिटाची तीन सलग वाचनं लागावीत. इशारा मिटायला आकडा पायरीच्या दोन अंश खाली यावा, नाहीतर ३१.९ आणि ३२.१ च्या मध्ये फोन रात्रभर वाजत राहतो. प्रोसेसरच्या तापमानावर स्क्रिप्ट बांधू नका, साधा अहवाल काढला तरी ते २० अंश उडतं.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यासाठी दोन सूचना. लिनक्सच्या ‘एचडब्ल्यूमॉन’ फोल्डरमधले आकडे हजारपट असतात, ३२००० म्हणजे ३२. आणि ‘एचडब्ल्यूमॉन२’मधला क्रमांक रीबूटनंतर बदलू शकतो, म्हणून आतली ‘नेम’ फाइल वाचून सेन्सर शोधा. क्रमांक पक्का लिहिलेल्या स्क्रिप्टा एका अपडेटनंतर भलत्याच सेन्सरवर लक्ष ठेवून बसतात आणि कुणाला पत्ता लागत नाही.

थोडक्यात

लेझरच्या पिस्तुलाने (इन्फ्रारेड थर्मामीटरने) हीटसिंक मोजला, ३५ आला. प्रोसेसर ६५ म्हणतो. (घाटकोपर) प्रोसेसरचं ऐका. चकचकीत अॅल्युमिनियम स्वतःची उष्णता फार कमी किरणोत्सर्जित करतं आणि आजूबाजूचीच परावर्तित करतं, त्यामुळे पिस्तूल कमी दाखवतं. मोजायचंच असेल तर धातूवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर नेम धरा.

रेड कार्डच्या (अनेक डिस्का एकत्र चालवणाऱ्या कार्डाच्या) चिपचं तापमान ८४ आहे. (विक्रोळी) ‘स्टोअरसीएलआय’ जे दाखवतं ते चिपच्या आतलं आहे आणि सर्व्हरच्या पेटीत ८४ सहसा चालून जातं. पण हेच कार्ड साध्या डेस्कटॉप कॅबिनेटमध्ये बसवलं असेल तर तिथे त्याला लागणारा झोत नसतो. समोर ८० मिलिमीटरचा पंखा लावा.

पावसाळ्यात एसी बंद पडला तर खिडकी उघडावी का? (माहीम) लगेच उघडू नका. जुलैत मुंबईच्या हवेचा दवबिंदू २५च्या आसपास असतो. १८ला गार झालेल्या धातूवर ती हवा आली की पाणी धरतं, आणि आतल्या एकाही तापमान-सेन्सरला ते दिसत नाही. आधी दरवाजा उघडून आतल्या पॅसेजची हवा घ्या, टेबलफॅन रॅकच्या पुढून लावा, नको असलेली यंत्रं बंद करा. रॅकचा पत्रा हाताला कोमट लागला, इनलेट २८च्या वर गेला, की मग खिडकी.